बाराला दोन मिनिटं कमी

मसू ऐवळे अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा बाई मला रामाचा जन्म मिनिटांत वाटून दाखवत होत्या.

पाटावर गजराचं घड्याळ ठेवलं होतं. सव्वाअकराला यज्ञ. साडेअकराला पायसाची वाटणी; तिथे कैकेयीपाशी रेंगाळायचं नाही, लोकांना ती रंगते म्हणून आपण वाहवत जातो. अकरा चाळीसला डोहाळे. बाराला दहा कमी असताना कौसल्येच्या महालाचं दार लावून घ्यायचं. "आणि ते दार लागलं," बाई म्हणाल्या, "की एक शब्द जास्तीचा नाही. देवाला ताटकळत ठेवून कीर्तन रंगवणारा कीर्तनकार मला माहीत नाही."

"आणि घड्याळच चुकीचं असलं तर?"

"देवाला देवळातलं घड्याळ चालतं. तुला न चालायला काय झालं?"

ही गोष्ट एकोणीसशे पंचाहत्तरची, रामनवमीच्या आदल्या दिवसाची. ऊन उतरायला लागलं होतं. मी अठरा वर्षांची होते.

बाई म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. सोनगिऱ्याच्या प्राथमिक शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं. गाव त्यांना बाई म्हणे, म्हणून मीही बाईच म्हणायची. पहिलीत असताना एकदा वर्गात 'आजी' अशी हाक मारली तर त्यांनी मला घंटा होईपर्यंत उभी ठेवली होती; ती सवय घरी आली आणि राहिली. त्यांच्या वर्गात छडी नव्हती. पाढे त्या कीर्तनातल्या चालींवर म्हणून घेत. अजूनही सोनगिऱ्यातला एखादा म्हातारा बाजारात हिशेब करताना एकोणतीसचा पाढा गुणगुणतो आणि मला आमचं देऊळ आठवतं.

कीर्तन त्या आपल्या वडिलांकडून शिकल्या होत्या. वैधव्य आलं तेव्हा त्या पंचविशीच्याही नव्हत्या. बाईमाणसानं कीर्तनाच्या गादीवर उभं राहावं की नाही यावर तेव्हा गावात बरंच बोलणं झालं म्हणे. पण एका रामनवमीला ठरलेले बुवा आलेच नाहीत, आणि देव जन्मायचा तर कोणीतरी उभं राहायला हवं होतं. त्या दिवसापासून जन्माचं कीर्तन बाईंचं. ठीक बाराच्या ठोक्याला जन्म, गुलाल, पाळणा. गावात लोक म्हणत, तालुक्याची मोटार उशिरा येईल, बाईंचा राम यायचा नाही.

मी चार वर्षं त्यांच्या पाठीमागे झांज घेऊन उभी राहत होते. ध्रुपद उचलायचं, त्यांचा श्वास सरला की सूर धरून ठेवायचा, एवढंच माझं काम. त्या वर्षी प्रथमच त्यांनी मला पाळणा दिला होता. "जन्म मी करते, जोजवायचं तू," असं म्हणाल्या होत्या. दोन महिने मी विहिरीवर, चुलीपुढे, अंथरुणात तो पाळणा म्हणत होते. आंब्याच्या रंगाचं लुगडं घडी करून उशाखाली ठेवलं होतं.

तर मसू आला. देवळाच्या दाराशी सनई वाजवायचं काम त्यांच्या घराकडे होतं. बाप गेल्यावर ते मसूकडे आलं. बाईंनी जन्म सांगायचा, मी सूर उचलला की त्याची सनई सुरू, सनई झाली की घंटा, मग गुलाल, असा क्रम. टोपी हातात धरून तो पायरीखालीच थांबला.

"वर ये," बाई म्हणाल्या. "शाळेत माझ्या टेबलाखाली झोपायचास, तेव्हा नाही अंग चोरलंस ते."

मसू हसला, पण पायरीवरच टेकला. मग त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं: जिल्ह्याला पोलिसांच्या बँडात माणसं घ्यायची होती. त्यानं जाऊन वाजवून दाखवलं होतं. तिथल्या मास्तरांना त्याचा दम इतका आवडला की क्लॅरिनेट आम्ही शिकवू, तू फक्त ये, असं ते म्हणाले होते. नोकरी, गणवेश, राहायला खोली. फक्त शाळेच्या दाखल्यावरचं वय एका वर्षानं जास्त भरत होतं.

"दाखल्यावर एक जून पन्नास हाय," मसू म्हणाला. "आणि आई म्हणायची, तू एक्कावन सालचा, रामनवमीचा. देवळाला नवा कळस चडला त्या सालचा. बाई, आईनं तुमास्नी तसंच सांगितलं हुतं न्हवं?"

बाई घड्याळाकडे बघत होत्या.

मामलेदारांना तो भेटून आला होता. ते म्हणाले होते, नोंद करणारी शिक्षिका हयात आहे ना, तिनं माझ्यासमोर एवढं सांगावं की आईनं दिवस दुसरा सांगितला होता; मी दुरुस्तीचा हुकूम देतो. कागद चार दिवसांत पोचायला हवा होता. आणि मामलेदार उद्या जन्माला देवळात येणारच होते.

आतून माझे वडील आले. दादा त्याच शाळेचे हेडमास्तर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मसूशी चढ्या आवाजात बोलले नाहीत, कधीच कोणाशी बोलत नसत. म्हणाले, मसू, एक तारीख खोटी निघाली की सगळं रजिस्टर उघडतात. तुझ्या पुढची-मागची पोरं आज कुठे कुठे नोकरीला आहेत. त्यांचं काय करायचं? बाईंचं वय बघ. या वयात त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणार आहेस का?

मसूनं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बाईंकडे पाहिलं.

"उद्या देव जन्मू दे," बाई म्हणाल्या. "मग बघू."

"मी दाराशीच हाय उद्या," तो म्हणाला, आणि गेला.

तो गेल्यावर मी विचारलं, तेव्हा बाईंनी मला खरं काय ते सांगितलं. छप्पन साली शाळा एकशिक्षकी होती. दुसरा शिक्षक हवा तर पटावर चाळीस पोरं दाखवायला हवी होती, तीही सहा वर्षं पुरी झालेली. तपासणीला साहेब यायचे होते आणि पोरं होती एकतीस. बाई वाडी-वस्ती फिरल्या. पाच-पाच वर्षांची नऊ पोरं त्यांनी हाताला धरून आणली आणि वर्षभरानं थोरली लिहिली. बहुतेकांच्या आयांना तारीख ठाऊकच नव्हती. मसूच्या आईला ठाऊक होती. देवळात गुलाल उडत होता, नवरा दाराशी सनई वाजवत होता, आणि तिला आत जाता येत नव्हतं म्हणून ती भिंतीमागच्या लिंबाखाली बसली होती. तिथेच ती बाळंत झाली.

"मला तिनं इतक्या कौतुकानं सांगितलं," बाई म्हणाल्या, "मी हसले. म्हटलं, मग याचं नाव राम का नाही ठेवलंस? आणि हसता हसता एक जून लिहिलं."

"आई, ती नऊ पोरं शाळेत आली, शिकली," दादा म्हणाले. "तू त्यांचं वाईट केलेलं नाहीस."

"त्या नऊ पोरांमुळे शाळेला दुसरा शिक्षक मिळाला, दिनकर. दुसऱ्या वर्षी तू रुजू झालास."

"म्हणूनच म्हणतो. आता बोलू नकोस. तुझं नाव जाईल आणि माझी नोकरी. कुंदाचं अजून सगळं व्हायचंय."

कुंदा म्हणजे मी. माझं नाव त्यात आलेलं मला आवडलं नाही. बाईंनी घड्याळाला किल्ली दिली आणि पाट उचलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहापासून देऊळ भरायला लागलं. बायका डावीकडे, बाप्ये उजवीकडे, पोरं खांबांना चिकटलेली, प्रत्येकाच्या मुठीत गुलालाची पुडी. गाभाऱ्यापुढे झाकलेला पाळणा टांगला होता आणि त्याची दोरी पुजाऱ्यानं हाताला गुंडाळून धरली होती. मामलेदार पुढच्या सतरंजीवर, त्यांच्या शेजारी दादा. मसू उंबऱ्याच्या बाहेर, सनई मांडीवर घेऊन. एव्हाना त्याला आत यायला कोणी ना म्हणत नव्हतं. पण यायला कोणी सांगितलंही नव्हतं.

पूर्वरंगात, कथेआधीच्या निरूपणात, बाईंनी सत्य हा विषय घेतला. मला वाटतं तेव्हाच मी समजायला हवं होतं. पण मी लुगड्याच्या निऱ्या सांभाळत होते आणि मनात पाळण्याची चाल घोळवत होते. खरं सांगते, बाई इतक्या सुंदर कधी बोलल्या नव्हत्या. कीर्तन ऐकण्याचं वेड मला लहानपणापासून. पुढे कितीतरी मोठमोठ्या बुवांची कीर्तनं ऐकली, पण त्या सकाळी बाईंचा आवाज जसा लागला तसा मी पुन्हा ऐकलेला नाही. पांढरं लुगडं, गळ्यात हार, कपाळाला बुक्का, आणि सत्तरीच्या घशातून निघालेला तो कोवळा सूर. यज्ञ झाला. पायस वाटलं गेलं. कैकेयीपाशी त्या अजिबात रेंगाळल्या नाहीत. डोहाळ्यांना बायका हसल्या. बाराला दहा कमी असताना त्यांनी कौसल्येच्या महालाचं दार लावून घेतलं.

देऊळ गप्प झालं. सगळ्यांना ठाऊक असतं की आता फार वेळ उरलेला नाही.

"कौसल्येला कळा सुरू झाल्या," बाई म्हणाल्या. "महालात सुईण आहे, दासी आहेत, समया लावलेल्या आहेत. आणि त्याच घटकेला, माझ्या मायबापांनो, दुसरी एक बाई लिंबाच्या झाडाखाली बसली आहे. तिच्यापाशी कोणी नाही."

लोकांना वाटलं, दृष्टान्त आला. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी मात्र झांज पोटाशी धरली. असं काही आमच्या मिनिटांत नव्हतं.

"हा दृष्टान्त नाही," बाई म्हणाल्या. "हे आपल्या सोनगिऱ्यात घडलं, याच भिंतीच्या पलीकडे. कळस चढला त्या वर्षी. आत आपण गुलाल उधळत होतो. तिचा नवरा आपल्या देवासाठी सनई वाजवत होता. आणि तिला मुलगा झाला."

मसूनं सनई ओठांजवळ नेली होती, ती खाली आली. तो उंबऱ्यावर हात टेकून पुढे वाकला. पुढच्या सतरंजीवर मामलेदारांनी मान वर केली.

"पाच वर्षांनी ते पोर मी शाळेत आणलं. आईला विचारलं, याचा जन्म कधीचा? तिनं मला दिवस सांगितला, घटका सांगितली. आपल्या पोराचा जन्म इतका नेमका सांगणारी दुसरी आई मी पाहिली नाही. तिचं मी ऐकून घेतलं. लेखणी माझ्या हातात होती. आणि मी—"

इथे त्या थांबल्या. श्वास सरला होता की शब्द सापडत नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. समोरच्या खांबावर देवळाचं घड्याळ होतं. बाराला दोन मिनिटं कमी. पुजाऱ्यानं दोरी ताणली होती. पोरांनी पुड्या उघडल्या होत्या. शंभर-दीडशे माणसं हात अर्धे वर करून बसली होती.

आणि मी सूर उचलला.

जन्माची ओळ वरच्या पट्टीत घेतली. माझा आवाज तेव्हा चांगला होता. कळसापर्यंत गेला. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मसूनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. मग सनई ओठाला लावली. त्या सुरावर वाजवायचं, हे त्याच्या घरात बापाकडून पोराकडे आलेलं होतं. सनईवर घंटा झाली, घंटेवर गुलाल उडाला, आणि पुढे कोणाला काही ऐकू येण्याजोगं उरलं नाही.

बाई गादीवरून बाजूला झाल्या. हाताला धरून त्यांनी मला पुढे केलं. मी पाळणा म्हटला. सगळीच्या सगळी कडवी म्हटली, एकही गाळलं नाही. बायकांनी डोळे पुसले. सुंठवड्याची ताटं फिरायला लागली तशी माझ्या कानावर पडत होतं, वेळ काय साधली पोरीनं, अगदी ठोक्याला.

पुढचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मागे काही राहायला नको. मसू आमच्याकडे पुन्हा आला नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी दोनदा कागद घेतला. दादा समोर ओट्यावर बसून राहिले. दोन्ही वेळा कागद कोरा राहिला. मी रागानं म्हटलं, मग लिहा ना एकदाचं. तेव्हा त्या म्हणाल्या, "गादीवर होते तोवर मी कोणाची आई नव्हते, कुंदा. खाली उतरले आणि झाले." चौथा दिवस तसाच गेला. मसू लग्नांतून वाजवत राहिला, पन्नाशीत दम्यानं गेला. बाई त्यानंतर गादीवर उभ्या राहिल्या नाहीत. चार वर्षांनी गेल्या. जन्माचं कीर्तन माझ्याकडे आलं, ते अजून आहे. नातीनं बाईंचं चालवलं, असं लोक म्हणतात आणि मी हात जोडते.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होते की दादांनी मला डोळ्यांनी खुणावलं. पुढे सांगायला लागले की देवाची वेळ चुकू नये म्हणून मी तसं केलं. रामरायापुढे रोज उभी राहते, तेव्हा हे लिहून टाकावं असं वाटलं. दादा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी मान खाली घातली होती, हात गुडघ्यांवर सोडले होते. आपली आई आता बोलणार आणि त्याचं जे व्हायचं ते होणार, हे त्यांनी मनानं स्वीकारलेलं मला स्पष्ट दिसत होतं. आणि देवाचं म्हणाल, तर दोन मिनिटं थांबायला त्याची ना नसती. मला पाळणा म्हणायचा होता. बारा वाजून गेले असते, लोक मसूकडे वळले असते, तर तो कोणी ऐकला नसता.

पण सांगायचं होतं ते हे नाही. सांगायचं होतं ते पाळण्यानंतरचं.

गादीवर जो उभा तो नारदाच्या जागी, अशी आमच्याकडची समजूत. कीर्तन संपता संपता सगळे त्याच्या पाया पडतात, वडीलधारेसुद्धा, आणि गादीवरच्यानं कोणापुढे वाकायचं नसतं. पाळणा झाला तशी मीच गादीवर होते. लोक येऊ लागले. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया आल्या. मामलेदार आले, वाकले, मागे जाऊन उभे राहिले. निघायची घाई त्यांना नव्हती, ते बाईंकडे बघत होते. दादा आले. माझ्या पायांना लावलेला हात त्यांनी कपाळाला लावला.

मग बाई आल्या. लोकांनी वाट दिली. त्यांना गुडघ्यातून वाकवत नसे, तरी त्या पूर्ण वाकल्या, दोन्ही हातांनी माझे पाय धरले. मला शिकवलेली बाराखडी, पाढे, सूर, सगळं त्या हातांत होतं, आणि मला वाकायची मुभा नव्हती. उठताना माझ्या खांद्याचा आधार घ्यायला त्या पुढे झाल्या. तोंड माझ्या कानाशी आलं.

"सगळे आहेत अजून," त्या म्हणाल्या. "माझ्यानं झालं नाही. आता तू सांग."

त्या बाजूला झाल्या. देऊळ शांत झालं होतं; गादीवरचा माणूस काहीतरी म्हणेल म्हणून लोक माझ्याकडे बघत होते. मामलेदार उभे होते. दादा उभे होते. उंबऱ्यात मसू उभा होता, डोक्यापासून छातीपर्यंत गुलालानं लाल, सनई काखेत धरून, डोळे माझ्यावर लावून.

बाईंच्या शाळेत चार वर्षं बसलेली, चार वर्षं त्यांच्या मागे उभी राहिलेली मी. मला सगळं माहीत होतं. तीन वाक्यांचं काम होतं.

मी झांज वाजवली आणि आरती सुरू केली.